कोळंबी रबर होऊ नये म्हणून: जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदी

४ जानेवारी २०२६, रविवार

सुरुवात कशी झाली ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी मलाच आठवणार नाही. आज आईने कोळंबी भात केला, नेहमीसारखा, वास असा की खालच्या मजल्यावरचा कुत्रा पण वर येऊन बसला. सगळ्यांनी ओरपला. जेवण झाल्यावर ताटं उचलताना बघितलं तर बाबांच्या ताटाच्या कडेला, लिंबाच्या फोडीखाली लपवलेल्या, सात कोळंब्या. चावून चावून पांढऱ्या झालेल्या. बाबांना गेल्या वर्षी वरची-खालची दोन्ही कवळी बसली. ते काही बोलत नाहीत, "छान झालाय" म्हणतात आणि भात भात खातात.

मी एक कोळंबी नीट लक्ष देऊन खाल्ली. खरंच रबर. आपल्याला सवय आहे म्हणून कळत नाही एवढंच.

आईची पद्धत: कोळंबी आलं-लसूण, हळद, आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून दोन तास ठेवायची, फोडणीत मसाल्याबरोबर परतायची, बटाटा टाकायचा, पाच-सात मिनिटं वाफ, मग तांदूळ आणि पाणी टाकून भात होईपर्यंत. म्हणजे कोळंबी अर्धा तास तरी आगीवर. आईला म्हटलं जास्त शिजते का गं? तर म्हणाली, "कच्ची राहिली तर पोट बिघडेल, आणि घट्ट लागते कारण कमी शिजते, अजून पाच मिनिटं हवी होती."

कामाने मी सॉफ्टवेअर टेस्टिंगवाला आहे. दोन माणसं एकाच बगचं उलट कारण सांगतात तेव्हा काय करायचं ते मला माहितीये. म्हणून ही वही.

७ जानेवारी, बुधवार

पहिला प्रयोग एकदम साधा. सोललेल्या, साधारण एकाच मापाच्या बारा कोळंब्या (मधल्या बोटाएवढ्या), मिठाचं उकळतं पाणी, मोबाईलचा टायमर. सगळ्या एकदम टाकल्या आणि ठराविक वेळाने एकेक काढली. चव घ्यायला लेक, डोळे मिटून, कारण तिला आजीची बाजू घ्यायची सवय आहे.

१ मिनिट: बाहेरून गुलाबी, मधे जरा काचेसारखी. २ मिनिटं: पूर्ण अपारदर्शक, रसरशीत, लेकीच्या भाषेत "बटरी". ३ मिनिटं: चांगली. ४ ला दाताला कळायला लागलं. ८ ला रबर. १५ मिनिटं, हीच खरी कसोटी होती, कारण आईच्या म्हणण्याप्रमाणे आता मऊ व्हायला पाहिजे होती. नाही झाली. नुसती लहान आणि कोरडी झाली, चोथा.

मग यावर वाचत बसलो रात्री बारापर्यंत. आई चुकली म्हणण्यापेक्षा ती मटणाचा नियम कोळंबीला लावतेय. मटणात कोलॅजन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, भरपूर, ते तास-दीड तास मंद शिजलं की विरघळून जिलेटिन होतं म्हणून मटण जितकं शिजवाल तितकं मऊ. कोळंबीत हा भाग फार थोडा, त्यामुळे थांबून हाताला काही लागत नाही. तिच्या मांसात दोन मुख्य प्रथिनं, मायोसिन आणि अ‍ॅक्टिन. मायोसिन कमी तापमानाला आवळतं, तेव्हा कोळंबी पारदर्शकाची पांढरी होते आणि आपल्याला हवी तशी लागते. अ‍ॅक्टिन नंतर, साधारण ७० अंशांच्या आसपास, आणि ते आवळलं की ओला पंचा पिळल्यासारखं आतलं पाणी बाहेर. उकळतं पाणी १०० अंशाला. म्हणजे आपल्याला हवं ते स्टेशन मधेच कुठेतरी येतं आणि गाडी तिथे अर्धा मिनिट पण थांबत नाही.

(म्हाकूल, म्हणजे स्क्विड, मात्र मटणाच्या गोत्रातलं. दोन मिनिटात काढा नाहीतर सरळ पाऊण तास शिजवा, मधलं सगळं चप्पल. तो प्रयोग वेगळा, आत्ता नाही.)

रंगावर भरवसा ठेवायचा नाही हे पण कळलं. तो केशरी-गुलाबी रंग म्हणजे अ‍ॅस्टाझँथिन, तो कोळंबीत आधीपासून असतोच, पण एका प्रथिनाला चिकटलेला म्हणून कच्ची कोळंबी राखाडी-निळसर दिसते. उष्णतेने ते प्रथिन सुटलं की रंग उघडा पडतो, आणि हे फार लवकर होतं, आतून शिजायच्या आधीच. आकार बघावा. इंग्रजी सी सारखी वळली की काढा, ओ झाली की उशीर झाला.

११ जानेवारी, रविवार

खायचा सोडा. इंटरनेटवर सगळे याच्याच मागे आहेत म्हणून केला. पाव किलो सोललेली कोळंबी, अर्धा चमचा मीठ, पाव चमचा सोडा, चोळून फ्रिजमधे वीस मिनिटं, मग धुवून, पुसून, कढईत दीड-दोन मिनिटं. सोड्याने कोळंबीचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, मग प्रथिनं एकमेकांना तेवढी घट्ट धरत नाहीत आणि पाणी आत राहतं. मिठाचं काम पण तेच, पाणी धरून ठेवायचं.

रिझल्ट भारी दिसला. टपोरी, चकचकीत, चायनीज हॉटेलात मिळते तशी, चावली की कट्कन तुटते. बायको आणि लेक खुश. मी पण खुश, प्रकल्प एका आठवड्यात संपला म्हणून.

बाबांनी एक खाल्ली आणि म्हणाले, "ही काकडीसारखी का लागते?"

इथे मला पहिल्यांदा कळलं की मी चुकीची गोष्ट मोजत होतो. कट्कन तुटणारी कोळंबी आणि मऊ कोळंबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कवळीवाल्या माणसाला कट्कन काही तोडायचंच नसतं. त्याला हवी जिभेने दाबली तर सुटणारी. दुसऱ्या घाण्यात मी हुशारी करून सोडा अर्धा चमचा केला, तर साबणाची चव आली. तो घाणा कुत्र्याला. त्याने पण विचार करून खाल्ला.

सोडा बाद. मीठ ठेवलं, वीस मिनिटं आधी, एवढंच.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ. घरात मासळी नाही.

१८ जानेवारी, रविवार

आज आईच्या दोन तासांच्या मुरवणीची पाळी. तीन वाट्या केल्या. पहिलीत नुसतं हळद-मीठ, दुसरीत हळद-मीठ आणि आगळ, तिसरीत हळद-मीठ आणि ताजं किसलेलं आलं. तिन्ही दोन तास फ्रिजमधे, मग प्रत्येकी दोन मिनिटं तव्यावर.

आगळाची वाटी काढली तर कोळंबी गॅस न लावताच कडेकडेने अपारदर्शक झालेली! आंबटाने प्रथिनं उष्णतेशिवायच आवळतात. म्हणजे आई कोळंबी आगीवर नेते तेव्हाच ती एकदा अर्धवट 'शिजलेली' असते, वर अर्धा तास. दोन मिनिटात काढूनसुद्धा ही वाटी कोरडी, पिठूळ लागली. लिंबाचं पण हेच होणार, वेगळं करून बघितलं नाही.

आल्याची वाटी उलटीकडे गेली. वरून लगदा, आतून बरी. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एंझाइम असतं, कच्च्या पपईत असतं तसंच. मटणाला पपई लावतात ते बरोबर, पण कोळंबीचं मांस मुळातच एवढं नाजूक की तिला दोन तास आलं म्हणजे अति झालं. बाबांना मात्र ही आवडली!! "मऊ आहे." मी म्हटलं बाबा हा लगदा आहे. "लगदा तर लगदा." या मताची नोंद केली पण ग्राह्य धरणार नाही.

ठरलं: आधी फक्त हळद-मीठ. आलं-लसूण फोडणीत, तिथे ते आधी नीट शिजतं. आंबट सगळ्यात शेवटी, रश्श्यात.

आईला सांगितलं. तिने काही उत्तर दिलं नाही, पण संध्याकाळी मावशीला फोनवर "आमच्याकडे आता लॅबोरेटरी उघडलीये" असं सांगताना ऐकलं.

२१ जानेवारी, बुधवार

आज बाजाराचीच नोंद करायचीये, कारण निम्मा खेळ तिथेच असतो असं वाटायला लागलंय. ठाण्याला चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला आमच्या ठरलेल्या मावशी बसतात, त्यांच्याकडे वाट्यावर कोळंबी. वाट्याचा त्रास असा की वरती मोठ्या मांडलेल्या आणि खाली बारीक, घरी येऊन सगळ्या एकाच कढईत पडतात. मोठी शिजेपर्यंत बारीक संपलेली असते. आज घरी आल्यावर तीन ढीग केले, मोठ्या, मधल्या, बारीक. दहा मिनिटांचं काम, आणि इतकी वर्षं केलं नाही.

ताजी कशी ओळखायची हे मावशींनी परत एकदा सांगितलं, मला दर वेळी विसरल्यासारखं करावं लागतं. डोकं घट्ट पाहिजे, लोंबतं नको. कवच मांसाला चिकटून, हातात सरसरीत. डोक्याच्या सांध्यापाशी काळं नको. वास समुद्राचा यावा, अमोनियाचा नाही. आणि घरी नेल्यावर डोकी आधी काढायची, हे महत्त्वाचं, कारण कोळंबीची पचनग्रंथी डोक्यात असते आणि कोळंबी मेल्यावर तिथली पाचक द्रव्यं मांसच पचवायला लागतात. डोक्यासकट रात्रभर फ्रिजमधे ठेवलेली कोळंबी मानेपाशी पिठासारखी होते ती यामुळे.

त्यांना सहज विचारलं, मावशी तुम्ही किती वेळ शिजवता? हातातली कोयती थांबवून माझ्याकडे बघितलं. "कोलबीला काय मटनासारखी शिजवतस काय रं? कालवनाला उकली आली का कोलबी टाकाची, परत उकली आली का गॅस बंद, झाकन ठेव. बस."

अडीच आठवडे, एक थर्मामीटर (पेनासारखा डिजिटल, ऑनलाइन मागवलेला, आजच आला) आणि तीन वाट्यांचा प्रयोग करून मी जिथे पोचत होतो तिथे मावशी बसलेल्याच होत्या. पण त्या कालवणाबद्दल बोलत होत्या. माझा प्रॉब्लेम भात आहे.

२८ जानेवारी, बुधवार

फ्रोझन. ऑफिसातून उशीर झाला म्हणून सुपरमार्केटचं पाकीट. वेनामी, तलावात वाढवलेली. ही मूळची आपल्याकडची नाहीच, पॅसिफिकच्या पलीकडची, लॅटिन अमेरिकेच्या किनाऱ्यावरची. भारतात २००९ मधे परवानगी मिळाली आणि आता आंध्रातले तलाव याच जातीने भरलेत. पाकिटावर बारीक अक्षरात आयएनएस ४५१ होतं, म्हणजे फॉस्फेट, पाणी धरून ठेवायला लावतात. म्हणून ती कशीही शिजवली तरी जरा टपोरीच राहते, पण कढईत पाणी एवढं सुटलं की परतायच्या ऐवजी उकडली गेली.

शिकलो ते एवढंच की घाईत कोमट पाण्यात टाकायची नाही, पिशवी बंद ठेवून गार पाण्यात वीस मिनिटं, आणि मग कोरडी पुसायची. चव? ठीक. बाबांनी पाचपैकी चार खाल्ल्या. चौकशी केली, तर एक खाली पडली होती.

१ फेब्रुवारी, रविवार

भात, पहिला प्रयत्न. विचार असा की भाताला लागतात वीस मिनिटं आणि कोळंबीला दोन, मग दोघांना एकत्र चढवायचंच कशाला. चव कोळंबीतून न घेता डोकी आणि सालांमधून घ्यायची. सगळी डोकी-सालं धुवून, चमचाभर तेलात लाल होईपर्यंत परतली, कांद्याची एक फोड, चार-पाच वाट्या पाणी, वीस मिनिटं मंद उकळून गाळून घेतलं, डोकी चमच्याने दाबून. केशरी पाणी निघालं, वर तेलाचे थेंब, वास तर असा की तेच पिऊन टाकावं. (आई ही सालं आजवर कुंड्यांना घालत होती. गुलाब चांगले येतात, ते खरं.)

या पाण्यात बटाटा, मसाला, तांदूळ. भात होत आल्यावर कच्ची कोळंबी वर पसरली, झाकण, मंद गॅसवर पाच मिनिटं.

फसलं. खालच्या थराला चिकटलेल्या शिजल्या, वरच्या मधे राखाडी. थर्मामीटर खुपसला तर एकीत ७४, तिच्या शेजारणीत ४८. परत झाकण ठेवलं तोवर खालच्या कडक. अमेरिकेतल्या सरकारी तक्त्यात मासळीला ६३ अंश दिलेत, मला सगळ्या त्याच्या आसपास हव्या होत्या.

आणि चव. भात चांगला, कोळंबी नुसती मिठाची. आईने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "हा कोळंबी भात नाही. हा भात आहे, आणि कोळंबी आहे."

राग आला पण तिचं बरोबर आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

या वेळी उलटं. कढईत तेल, खडा मसाला, कांदा, आलं-लसणाचं वाटण पूर्ण शिजवून, हळद, घरचा मसाला, मग गॅस मोठा करून हळद-मिठाची कोळंबी त्यात फक्त एक मिनिट. मसाला चिकटला, सी पण पूर्ण वळली नाही, तेवढ्यात झाऱ्याने काढून पसरट ताटलीत. ताटलीत पसरवून, ढिगात नाही, कारण ढिगात ती आपल्याच गरमीने शिजत राहते. मग त्याच कढईत बटाटा, तांदूळ, सालांचं पाणी. भात झाला, गॅस बंद केला, कोळंबी आणि ताटलीत सुटलेला रस भातात हलक्या हाताने मिसळला, शेवटी ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू. झाकण. सहा मिनिटं. कोणी उघडायचं नाही.

मापून बघितलं, चार कोळंब्या, ६१ ते ६६. काय सांगू, एकटाच ओट्यापाशी हसत होतो.

मऊ एकदम. पण आई अजून पूर्ण पटली नव्हती. खाताना विचार करत होती, मला वाटलं आता परत काहीतरी टोचून बोलणार. तर म्हणाली, "कोळंबी अर्धा तास भातात राहिली की तिचा जीव भातात उतरतो. तू तो उतरूच देत नाहीस. मूठभर सोडे टाक पुढच्या वेळी. ते कडक असले तरी कोणाला काय, ते द्यायलाच असतात."

सोडे! सुकवलेली सोललेली कोळंबी, घरात डब्यात पडलेलीच असते. चव घट्ट करून ठेवलेली, मऊ राहायचा प्रश्नच नाही. मला एवढं सगळं वाचून हे सुचलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. साबुदाण्याची खिचडी, रताळं. वही सुद्धा उघडायची नव्हती खरं तर, पण सोडे भिजवायचे किती ते आईला विचारून लिहून ठेवतो: कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, ते पाणी फेकायचं, दोनदा धुवायचे कारण वाळू असते, मग खलबत्त्यात जरासे ठेचायचे.

२२ फेब्रुवारी, रविवार

दोन वाट्या तांदूळ, अर्धा किलो कोळंबी (फक्त मोठा आणि मधला ढीग, बारीक बुधवारी कालवणात), मूठभर सोडे. ठेचलेले सोडे कांद्याबरोबरच परतले, तांबूस होईपर्यंत, आणि भाताबरोबर शेवटपर्यंत ठेवले. बाकी सगळं ८ तारखेसारखंच. एक बदल म्हणजे कोळंबीच्या ताटलीवर झाकण ठेवलं नाही, मागच्या वेळी बायकोने माशी बसेल म्हणून ठेवलं होतं आणि त्या वाफेत दोन-चार कडक झाल्या होत्या. जाळी ठेवली.

आई मसाला परतायला उभी राहिली, मी टायमर घेऊन. कोळंबी कढईत पडल्यावर तिचा हात आपोआप झाकणाकडे गेला, मी म्हटलं आई, काढायचीये. "अरे आत्ता तर टाकली!" तरी तिनेच काढली, एकेक मोजून.

जेवताना कोणाला काही सांगितलं नाही. बाबांनी दुसऱ्यांदा घेतला. उठल्यावर त्यांच्या ताटात एक लवंग, दालचिनीचा तुकडा आणि लिंबाची फोड. फोड उचलून बघितली. खाली काही नव्हतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

उरलेला भात डब्यात नेला आणि ऑफिसच्या मायक्रोवेव्हमधे दोन मिनिटं फिरवला. सगळी मेहनत पाण्यात, परत चप्पल. वर वासावरून पलीकडच्या टीममधल्या एकाने तोंड वाकडं केलं ते वेगळंच. पुढच्या वेळी कोळंबी वेचून डब्याच्या झाकणात काढून ठेवायची, नुसता भात गरम करायचा, मग वर टाकून दोन मिनिटं झाकायचं. बुधवारी कालवण आहे, गुरुवारी करून बघतो.